चूक घड्याळवाल्याची

आमच्या देवळाच्या सभामंडपात पत्र्याचा एक बोर्ड आहे. निळी जमीन, पिवळी अक्षरं. यात्रेच्या बैलगाडा शर्यतीत कोणत्या साली कुणाचा गाडा पहिला आला आणि किती सेकंदांत, एवढाच मजकूर. अक्षरं माझी. मी पेंटर. नारायणगावात बाजार आवाराबाहेर टमाट्याच्या गाड्यांच्या पाठीमागं 'हॉर्न द्या' लिहून पोट भरत आलो. त्या बोर्डावरची सगळी अक्षरं बोटभर उंच आहेत. एक ओळ सोडून. ती चार बोटं उंच आहे. तिच्याबद्दल गावात अजून दोन मतं आहेत. एक गावाचं आणि एक माझं.

ज्यानं आमच्याकडची शर्यत पाहिली नाही त्याच्यासाठी थोडं सांगतो. चढाच्या वाटेला आम्ही घाट म्हणतो. खाली गाडा जुंपतात. बैल चार, दोन पुढं, दोन मागं, आणि सगळ्यांच्या पुढं एक घोडी. खाली निशाण पडलं की घड्याळ सुरू, वरची रेषा ओलांडली की बंद. एका वेळी एकच गाडा पळतो. त्याची झुंज दुसऱ्या गाड्याशी नसते, घड्याळाशी असते. या एका धावेला बारी म्हणतात. दिवसभर बाऱ्या चालतात आणि संध्याकाळी ज्याचं घड्याळ कमी तो पहिला. म्हणजे या खेळात घड्याळवाला हाच देव. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं ते माझ्या अंगावर यायचं आहे.

आता माझ्या आवडीची गोष्ट. आदल्या जूनला मी दहावीला गणितात उडालो होतो. चैत्रात गावची यात्रा आली. घाटाच्या कडेला हजारभर माणसांत मी उभा. आंबेगाव तालुक्यातला, घोड नदीच्या पलीकडचा एक गाडा सुटला. निम्म्या घाटापर्यंत बरा आला आणि पुढच्या जोडीतला डावा बैल थांबला. पांढरा बैल, एक शिंग मोडकं. बाकीचे तिघं ओढताहेत, घोडी कुठल्या कुठं गेली, आणि हा मान वळवून गर्दीकडं बघतोय. गर्दीकडं कसला, माझ्याकडं बघत होता. याबाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

लोक खोखो हसायला लागले. तेवढ्यात खालून गाडामालक आला. काटकुळा म्हातारा, पांढरा फेटा, हातात काठीसुद्धा नाही. त्यानं उपरण्यानं बैलाचं तोंड पुसलं, कासरा धरला आणि गाडा चालवत वर नेऊ लागला. अगदी सावकाश, वरातीत चालल्यासारखा. स्पीकरवरून निवेदक ओरडला, "बाबा, घड्याळ कवाच बंद झालं! माघारी फिरा!"

म्हातारा थांबला नाही. तिथूनच ओरडला, "तुमचं झालं आसंल बंद! आमची बारी ऱ्हायलीय आजून!"

आणि वरची रेषा ओलांडून त्यानं हात वर केला, पहिला आल्यासारखा.

आमच्याकडं आपला गाडा चांगला पळाला की भंडारा उधळतात आणि टोप्या हवेत उडवतात. मी टोपी उडवली. हजारभर माणसांत एकट्यानं. ती कुणाच्या तरी भेळेत पडली, त्यानं ती परत दिली नाही आणि त्याचं बरोबरच होतं.

त्या दिवसापासून तो गाडा माझा. शाळेत शेजारी बसणारा दोस्त म्हणाला, "बराबर हाय. तू नापास, बैल नापास. जमलं." हे स्पष्टीकरण गावाला इतकं आवडलं की लग्नकार्यात ओळख करून देताना सुद्धा लोक ते सांगू लागले. मला ते मान्य नाही. मी पास झालो असतो तरी मला तो बैल आवडला असता. फक्त हे पडताळून बघायची संधी मला गणितानं दिली नाही.

पुढची सहा-सात वर्षं मी त्या गाड्यामागं फिरलो. जिथं यात्रा तिथं मी. आळेफाट्यावरून मिळेल त्या जीपला लटकायचं, उन्हात घाटाच्या कडेला उभं राहायचं, घसा बसेपर्यंत ओरडायचं आणि गाडा कितवा आला हे न विचारता परत यायचं. विचारण्यासारखं काही नसायचंच. तो कधी सरळ पळायचा, कधी निम्म्यात थांबायचा, पण नंबरात कधीच नाही. एकदा ओरडताना मी ओट्यावरून खाली पडलो आणि दुसऱ्याच एका गाड्याच्या बैलांपुढं आलो. त्यांची बारी वाया गेली. त्या गावात मला अजून कुणी चहा विचारत नाही.

आई म्हणायची, "आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. हे कुठून बैलाचं खूळ शिरलं? आणि तेबी दुसऱ्याच्या!"

गावाला तर हे फारच लागायचं, कारण गावाला स्वतःचा गाडा होता. यात्रा कमिटीच्या अध्यक्षांचा. अध्यक्ष म्हणजे टमाटा आणि द्राक्षाचे मोठे बागायतदार, माणूस वाईट नाही, पण हरायची सवय नसलेला. त्यांचे बैल दूध-अंड्यावर पोसलेले. दरवर्षी पहिले. गावातल्या सगळ्या टोप्या त्यांच्यासाठी उडायच्या आणि माझी खिशात राहायची.

"गावचं पानी पितो आन आंबेगावच्या बैलाला आरोळ्या ठोकतो," चहाच्या हॉटेलात एकदा त्यांनी मला सगळ्यांदेखत धरलं. "तुजा संबंध काय त्या गाड्याशी? सोयरा हाय? भावकी हाय?"

हॉटेलात टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. सगळे एका फलंदाजासाठी श्वास धरून बसले होते. मी म्हणालो, "हा तुमचा सोयरा आहे का?"

"आरं तो देशाकडनं खेळतो!"

"मग बाकीचे दहा कुणाकडून खेळतात? हा आउट झाला की तुम्ही टीव्ही बंद का करता?"

चेंडू पडला, तो फलंदाज आउट झाला आणि हॉटेलवाल्यानं खरोखर टीव्ही बंद केला. आयुष्यात मी जिंकलेला तो एकमेव वाद.

पण मुद्दा माझा आजही तोच आहे. आपलं गाव, आपली जात, आपला देश ही कारणं आपण मागाहून चिकटवतो. आधी कुणीतरी डोळ्यात भरतो. कुणाची चाल, कुणाचं थांबणं, कुणाचं हरल्यावर हात वर करणं. जिंकणाऱ्याची बाजू घ्यायला काय लागतं? त्याला आपली गरजही नसते. आणि ज्याच्याशी काहीएक संबंध नाही त्याच्यासाठी छाती धडधडते, यात वेडेपणा आहे असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, संबंध असलेल्यांसाठी तुमची कधी धडधडली होती शेवटची?

असो. नव्वदच्या दशकाची अखेर आली आणि गावानं मला घड्याळावर बसवलं.

झालं असं, की आदल्या वर्षी घड्याळावरून भांडणं झाली होती. जो घड्याळावर बसायचा त्याचा कुठल्या ना कुठल्या गाड्यात बैल निघायचा. कमिटीची बैठक बसली. निःपक्ष माणूस पाहिजे. शोधता शोधता आमच्या घरावर आले, कारण आमच्या दावणीला शर्यतीचा बैल तीन पिढ्यांत नव्हता. एकानं हरकत घेतली, "पर ह्यो तर आंबेगावच्या गाड्याचा शौकीन हाय."

अध्यक्षांनी हात झटकला. "तो गाडा कदी नंबरात आलाय का? ज्याचा गाडा नंबरातच येत न्हाई तो कसला शौकीन, राव? तो निःपक्षच!"

ठराव हशात मंजूर झाला. मला अपमान कळला, पण पद मोठं होतं. मी पद घेतलं.

शाळेच्या खेळाच्या मास्तरांनी दोन स्टॉपवॉच दिली, एक मला आणि एक घड्याळावरच्या माझ्या जोडीदाराला. देताना बजावलं, "दोरी गळ्यात घाल." गळ्यात दोरी घालून स्टेजवर बसायची मला लाज वाटली. शाळेतल्या पोरासारखं दिसलं असतं. मी दोरी काढून खिशात घातली.

यात्रेच्या दिवशी सकाळी अकराच्या आतच जोडीदाराच्या घड्याळाच्या बटनात भंडारा गेला आणि ते दाबलेलं वर येईना. राहिलं माझं एकट्याचं. दुपारी अध्यक्षांचा गाडा पळाला. अकरा सेकंद आणि वर थोडे पॉइंट. मी अगदी बरोबर मोजलं, हे त्यांच्याही तोंडून ऐका. गावानं टोप्या उडवल्या. मी मांडी घालून दगडासारखा बसलो होतो. निःपक्ष.

ऊन कलायला लागल्यावर तो म्हातारा स्टेजजवळ आला. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांशी कधी बोललो नव्हतो. त्यानं वर बघितलं. "तू तोच ना, आरडणारा?"

"तोच."

"आज गप बसलायस."

"घड्याळावर आहे, बाबा."

"बरं हाय." त्यानं खाली मोडक्या शिंगाच्या बैलाकडं हात केला. "आजची शेवटची बारी हाय त्याची. वय झालं. ह्याच्यापुढं दावणीला. येक नंबर पायजे व्हता त्याला."

"त्याला, का तुम्हाला?"

"मला कशाला? मी काय घाट चढतोय व्हय?"

आणि तो खाली निघून गेला.

निशाण पडलं. मी बटन दाबलं. ही नोंद घ्यावी, सुरुवातीचं बटन मी वेळेवर दाबलं होतं. घोडी निघाली, तिच्यामागं पुढची जोडी, आणि डाव्या बाजूला तो, मोडक्या शिंगाचा. निम्मा घाट आला. हीच ती जागा. मी मनात म्हणालो, थांबला तर थांबू दे, तरी आपलाच. तो थांबला नाही. त्यानं मान खाली घातली आणि इतक्या वर्षांची सगळी थांबणी एका दमात फेडावीत असा सुटला. निवेदकाच्या तोंडून शब्दच फुटेना, नुसतं "भिर्रर्र" चाललं होतं. गाडा रेषेवर आला, रेषा ओलांडली. मी कधी उभा राहिलो ते मला माहीत नाही. सगळं अंग म्हणत होतं टोपी उडव. टोपी डोक्यावर होती. हातात घड्याळ होतं.

मी हातात होतं ते उडवलं.

ते खूप उंच गेलं. उन्हात चमकलं. मी आनंदानं त्याच्याकडं बघत होतो, कुणाचं तरी आहे म्हणून. मग ते स्टेजपुढच्या दगडावर पडलं, मागचं झाकण एकीकडं, सेल एकीकडं, आणि काचेवर काहीच नाही. नुसती करडी पाटी.

निवेदकानं माइकवर विचारलं, "घड्याळ काय सांगतंय, भाऊ?"

घड्याळ काय सांगणार होतं?

मग एकदम सगळे बोलायला लागले. एकजण म्हणाला, मी मनात आकडे मोजले, दहाच झाले. दुसरा म्हणाला, मी विडी ओढत होतो, दोन झुरके झाले, अध्यक्षांच्या वेळी अडीच झाले होते. झुरका केवढा यावर तिथंच दोघांची जुंपली. अध्यक्ष माझ्या कानाशी आले. रागानं नाही, समजावणीच्या सुरात म्हणाले, "बारा सांग. दुसरा नंबर मिळंल त्याला. त्योबी खूश, आमीबी खूश. कोन बगतंय?"

सोपं होतं. आणि त्याहून सोपं आणखी एक होतं, साडेदहा म्हणायचं. माझ्या तोंडात तो आकडा आला होता. देवाशपथ आला होता. म्हाताऱ्याला त्याचा पहिला नंबर देणं माझ्या एका शब्दावर होतं. पण ज्या गाड्यानं कधी खोटं केलं नाही, थांबायचं असेल तेव्हा भर घाटात थांबला, त्याला आयुष्यातला पहिला नंबर मी थापेचा द्यायचा?

मी माइक घेतला. "वेळ मोजली नाही. घड्याळ मी उडवलं. चूक माझी."

त्यानंतर मला ज्या शिव्या पडल्या त्या दोन्ही तालुक्यांच्या होत्या. आमचे म्हणाले, त्यांचा गाडा कमी पडला म्हणून यानं मुद्दाम घड्याळ फोडलं. आंबेगावचे म्हणाले, गाडा पहिला आला म्हणून मुद्दाम फोडलं. माझ्या आयुष्यात मी निःपक्ष ठरलो तो हा एकच क्षण.

मास्तरांनी धावत जाऊन शाळेतून तिसरं घड्याळ आणलं. कमिटीनं म्हाताऱ्याला फेर बारी देऊ केली. तो स्टेजपुढं आला, बैलाचं तोंड पुसत पुसत. "न्हाई," म्हणाला. "त्यानं त्याचं काम केलं." मग माझ्याकडं बघून, "ज्यानं न्हाई केलं त्याला पळवा."

लोक हसले. मी नाही हसलो. गाडा उताराला लागला आणि नंबर न घेता नदीपलीकडं गेला.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी मला बोर्ड लिहायला बोलावलं. मी ब्रश घेऊन गेलो. त्यांचा गाडा लिहिला, सेकंदं लिहिली, अगदी पॉइंटसकट. आणि त्याच्या खाली, उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात लिहिलं: आंबेगावचा गाडा, वेळ मोजली नाही, चूक घड्याळवाल्याची.

"ह्ये काय?" अध्यक्ष म्हणाले.

"झालं ते."

"पूस."

"रॉकेल तुमच्याकडं आहे, हात तुम्हाला आहेत. पुसा."

त्यांनी खरंच पुसलं. दोन दिवसांनी मी परत लिहिलं. त्यांनी आळेफाट्याहून दुसरा पेंटर आणला. तो बोर्डापुढं उभा राहिला, अक्षर ओळखलं आणि म्हणाला, "जित्या पेंटरच्या अक्षरावर आमी रंग मारत न्हाई, पावणं," आणि चहा पिऊन गेला. शेवटी अध्यक्ष गावातल्या माझ्या दुकानावर आले. स्टुलावर बसले. "हे बग, भाऊ. राहूंदे तुजी वळ. फक्त चार मान्सांत येवडं कबूल कर, की मोजलं आसतं तरी दुसराच आला आसता."

"मोजलं नाही म्हणजे हरला असं होत नाही."

"जितला आसंबी व्हत न्हाई!"

"नाही होत. तुमचं बरोबर आहे. पण आता मी घड्याळावर नाही. मोजायचं काम घड्याळवाल्याचं. मी शौकीन आहे, आणि माझ्यापुरता तो पहिला आहे. तो थांबला होता त्या वर्षीही पहिलाच होता."

अध्यक्ष उठले. त्या वर्षापासून यात्रेचं एकही काम मला मिळालं नाही, पुढच्या सालांसाठी कमिटीनं बोर्डही वेगळा केला. वर्गणी मात्र न चुकता घेतात. आईनं महिनाभर ऐकवलं की बैलापायी गावाशी वाकडं घेणारा तूच. घेतलं तर घेतलं. ओळ राहिली. पुसून पुसून कमिटी दमली.

दोन-तीन वर्षांनी, चतुर्थीला लेण्याद्रीला आलेला तो म्हातारा जीपनं आमच्या गावात उतरला आणि विचारत विचारत दुकानावर आला. मी उभाच राहिलो.

"बैल?" मी विचारलं.

"हाय की. खातो, बसतो. चढ दिसला की तोंड फिरवतो." मग म्हणाला, "देवळात कायतरी लिव्हलंयस म्हनं आमचं. मला वाचता येत न्हाई. दाव."

मी त्याला सभामंडपात नेलं. ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवली. दोनदा वाचायला लावली. मग तो मागं सरकला, डोळे बारीक केले, आणखी मागं सरकला. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, माफ केलं वगैरे.

"येवडं बारीक का काढलं?"

"जागा नव्हती, बाबा."

"आध्यक्षाच्या शेकंदाला बरी जागा घावली."

मी दुकानातून स्टूल, डबा आणि रुंद ब्रश आणला. बारीक ओळ पुसली आणि चार बोटं उंच अक्षरं काढायला घेतली. अध्यक्षांचं घर देवळाला लागूनच आहे. ते बाहेर आले. कमरेवर हात ठेवून म्हणाले, "काय चाललंय?"

म्हातारा बोर्डावरची नजर न हलवता म्हणाला, "दुरुस्ती."

मी मापात कच्चा आहे, गणिताचं वर सांगितलंच. 'घड्याळवाल्या'पर्यंत येईतो पत्रा संपला. शेवटची 'ची' मावेना. मी खाली म्हाताऱ्याकडं बघितलं. तो म्हणाला, "थांबू नको."

म्हणून ती 'ची' भिंतीवर आहे. नंतर बोर्ड काढून मागच्या खोलीत ठेवायचे ठराव कमिटीनं दोनदा केले. खुशाल न्या, म्हटलं. 'ची' इथंच राहील, आणि येणारा-जाणारा विचारील, कशाची.

मी दुकानातच असतो. सांगीन.